लिथियम आणि सुरुवातीचे स्मार्टफोन: गिऱ्हाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि २००१ साली सोल्डरिंग गन हातात धरली, ती अजून सुटलेली नाही. त्यामुळे बॅटरी बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला माझ्याकडून थोडं रसायनशास्त्रही ऐकून घ्यावं लागतं. तेच प्रश्न वीस-बावीस वर्षं येत आहेत, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बॅटरी फुगली म्हणून हे पान उघडलं असेल, तर आधी खालचा फुगलेल्या बॅटरीचा प्रश्न वाचा. इतिहास कुठे पळून जात नाही.

लिथियम म्हणजे नक्की काय?

धातू. सगळ्या धातूंत हलका. आवर्तसारणीत हायड्रोजन, हेलियम आणि लगेच तिसरा हा. पाण्याच्या जेमतेम निम्मी घनता, म्हणजे पाण्यावर तरंगतो, रॉकेलवरसुद्धा तरंगतो. सुरीने कापता येतो. ताजा काप चांदीसारखा चकाकतो आणि हवा लागली की बघता बघता काळवंडतो. पाण्यात पडला तर हायड्रोजन सोडत फसफसतो.

१८१७ साली स्वीडनमध्ये योहान आउगुस्ट आर्फव्हेडसन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला तो पेटलाइट नावाच्या खनिजात सापडला. सोडियम-पोटॅशियमची ओळख लोकांना वनस्पतींच्या राखेतून, क्षारांतून झाली होती. हा मात्र दगडात मिळाला, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘लिथोस’, म्हणजे दगड, या शब्दावरून नाव पडलं. सगळ्यात हलक्या धातूचं नाव दगड! बारशाला आत्याने जरा घाईच केली म्हणायची.

लिथियम दुर्मीळ आहे का? सोन्यासारखं?

नाही हो. पृथ्वीच्या कवचात ते शिशापेक्षा जास्त आहे, कथिलापेक्षा तर बरंच जास्त. अडचण वेगळी आहे. ते सगळीकडे चिमूट-चिमूट पसरलेलं असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ०.१७ मिलिग्रॅम लिथियम असतं. नोकिया ११०० च्या बॅटरीला लागायचं पाव ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मरीन ड्राइव्हवर बसून समुद्रातून एका बॅटरीपुरतं लिथियम काढायचं ठरवलं, तर जवळजवळ दीड हजार लिटर पाणी उपसावं लागेल. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दीड टाक्या, एका डबा फोनसाठी.

म्हणून जिथे निसर्गानेच ते गोळा करून ठेवलंय तिथून काढतात. ऑस्ट्रेलियात खडकातून, चिली आणि अर्जेंटिनात उंचावरच्या मिठागरांखालच्या खाऱ्या पाण्यातून. ते पाणी उथळ तळ्यांत सोडून उन्हात महिनोन् महिने आटवतात. वसई-भाईंदरची मिठागरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा प्राथमिक अंदाज २०२३ मध्ये जाहीर झाला. पण अंदाज आणि खाण यांच्यात फार मोठं अंतर असतं.

फोनला लिथियमच का लागतं? दुसरा धातू नाही चालत?

चालत होता की. जुन्या फोनमध्ये निकेल-कॅडमियम आणि मग निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या होत्या. त्यांचा एक सेल १.२ व्होल्ट देतो. फोनचं सर्किट चालवायला साडेतीनच्या आसपास व्होल्ट हवेत, म्हणून तीन सेल एकामागे एक जोडायचे. लिथियम-आयनचा एकच सेल ३.७ व्होल्ट देतो. तिघांचं काम एकटा करतो, वर वजनाला हलका. लिथियमला आपला एक इलेक्ट्रॉन नकोसा झालेला असतो, तो सोडायला सगळ्या धातूंत सर्वांत उतावळा हाच. या उतावळेपणातूनच एवढे व्होल्ट मिळतात.

म्हणजे माझ्या बॅटरीत तो पाण्यात फसफसणारा धातू आहे?

धडधाकट बॅटरीत धातूच्या रूपात नाही, आयनच्या, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या, रूपात आहे. हा फरक कळायला जगाला किंमत मोजावी लागली, म्हणून इथे जरा थांबतो.

१९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेलकंपनीत पुन्हा पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी बनवली. तिच्यात एका बाजूला खराखुरा लिथियम धातू होता. अशा बॅटरीत चार्ज करताना धातू पुन्हा सपाट बसत नाही, त्याला मुळांसारखे बारीक काटे फुटतात. काटा वाढत वाढत पलीकडे टेकला की आतच शॉर्ट, आणि आग. १९८९ मध्ये कॅनडातल्या मोली एनर्जी कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्यांनी जपानमध्ये मोबाईल फोनमध्येच पेट घेतला. बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या आणि कंपनी बसली.

सुटकेचा रस्ता तोवर दुसरीकडे तयार झाला होता. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धन ध्रुव शोधला. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये समोर धातूऐवजी कार्बन लावला. आता दोन्हीकडे लिथियम फक्त ‘बसायला’ येतं आणि उठून जातं. सोनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

आत काय चालतं ते आमच्या गिऱ्हाइकांना मी असं सांगतो. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक थर. चार्ज करताना लिथियमचे आयन येऊन त्या थरांच्या मध्ये घुसतात, लोकलमध्ये तिघांच्या बाकड्यावर ‘जरा सरका’ म्हणत चौथा बसतो तसे. थर खरंच सरकतात, ग्रॅफाइट किंचित फुगतं. फोन वापरायला लागलात की सगळे उठून परत कोबाल्टच्या घरी. आयन आतल्या द्रवातून जातात. इलेक्ट्रॉनला त्या वाटेने बंदी आहे, त्याला बाहेरून तुमच्या फोनच्या सर्किटमधून वळसा घालून जावं लागतं. त्या वळशावर तुमचा फोन चालतो. प्रत्येक फेरीत काही आयन कुठेतरी अडकून पडतात आणि कायमचे कामातून जातात. दोन-तीन वर्षांनी ‘बॅटरी बसली’ म्हणता ती हीच.

पहिला स्मार्टफोन लिथियमवर चालायचा का?

नाही. आयबीएमचा सायमन, १९९४ चा. टचस्क्रीन, कॅलेंडर, ईमेल, फॅक्स, सगळं एका विटेत. वजन अर्ध्या किलोच्या वर. बॅटरी निकेल-कॅडमियम, बोलायला तासभर पुरायची. खोक्यात दोन बॅटऱ्या देत, एक फोनमध्ये आणि एक चार्जरवर. तो अमेरिकेतल्या ॲनालॉग नेटवर्कवर चालायचा, त्यामुळे आपल्याकडे त्याचं काही काम नव्हतं. सुमारे ५०,००० विकले गेले आणि खेळ संपला. कल्पना काळाच्या पुढची होती, बॅटरी काळाच्या मागची.

मग लिथियम फोनमध्ये आलं कधी?

नव्वदीच्या मध्यावर. मोटोरोलाचा स्टारटॅक १९९६ मध्ये आला, उघड-मीट करणारा, शंभर ग्रॅमच्या आतला. त्याला लिथियम-आयन बॅटरी घेता यायची. त्याच वर्षी नोकियाचा ९००० कम्युनिकेटर आला, उघडला की आत कीबोर्ड आणि लांबट पडदा. त्याच्यात इंटेलचा ३८६ जातीचा प्रोसेसर होता. संगणकातला प्रोसेसर खिशात न्यायचा तर लिथियमशिवाय गत्यंतर नव्हतं. तरी वजन ३९७ ग्रॅम. दोन वर्षांनी ९११० आला तो अडीचशेच्या घरात.

मुंबईत तेव्हा मोबाईल नुकता रांगायला लागला होता. १९९५ मध्ये मॅक्स टच आणि बीपीएल मोबाईल सुरू झाले. मिनिटाला १६ रुपयांहून जास्त, आणि इनकमिंगलाही पैसे. त्यामुळे बॅटरी कोणाची संपायची नाही, त्याआधी बिलाच्या भीतीने फोन बंद व्हायचा. कम्युनिकेटर मी पहिल्यांदा हातात घेतला तो फोर्टमधल्या एका शेअर दलालाचा. त्याची बॅटरी मरायला टेकली होती, पण ती माझ्याकडे सोडून जायला साहेब तयार नव्हते. पायरीवर उभे राहिले, शेवटपर्यंत.

नोकिया ११०० ची बॅटरी आठवडाभर टिकायची. त्या काळातले स्मार्टफोन दोन दिवसांत का उतरायचे? बॅटरी हलकी टाकायचे का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण उत्तर ऐकून लोक चक्रावतात. बॅटरी तीच होती!

२००३ मध्ये नोकियाने दोन फोन आणले. एक ११००. काळा-पांढरा पडदा, टॉर्च, साप. पुढे त्याचे २५ कोटींवर नग खपले. दुसरा ६६००, सिंबियन या स्मार्टफोनच्या प्रणालीवर चालणारा, रंगीत पडदा, कॅमेरा, ब्लूटूथ, १०४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. दोघांतही बीएल-५सी बॅटरी, ८५० मिलिअँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप). एकाची काढून दुसऱ्यात घातली तरी चालायची. तेच पाव ग्रॅम लिथियम एका घरात आठवडाभर पुरायचं आणि दुसऱ्या घरात दोन दिवसांत खडखडाट. पगार सारखाच, फक्त एका घरात खाणारी तोंडं जास्त.

२६ जुलै २००५ ला याचा मला प्रत्यक्ष अनुभव आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. माझ्या खिशात ६६०० होता, कारण दुकानदाराने भारी सेट वापरायचा असतो. मेहुण्याकडे ११००. दोघं परळहून घाटकोपरला चालत निघालो. सायनला कमरेएवढं पाणी होतं. नेटवर्क लागत नव्हतं आणि माझा फोन नेटवर्क शोधता शोधता दमून रात्री नऊच्या सुमारास बंद पडला. सगळे नंबर त्याच्यातच, माझ्या डोक्यात एकही नाही. मग एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून मेहुण्याची बॅटरी काढली, माझ्या फोनमध्ये घातली, चार नंबर बसच्या तिकिटामागे लिहून घेतले, आणि बॅटरी परत ११०० मध्ये. मध्यरात्रीनंतर घरी फोन लागला तो त्या डबा फोनवरूनच. दोन दिवस वीज नव्हती, तरी तो चालू होता. माझा ६६०० कपाटावर शोभेला.

प्रोसेसर दर वर्षी कुठल्या कुठे गेला, मग बॅटरी का नाही गेली?

कारण ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला इवलासा स्विच, लहान करता येतो, अणू लहान करता येत नाही. चिप बनवणारे दर दोन वर्षांनी तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर बसवत गेले. बॅटरीत एका इलेक्ट्रॉनमागे एक लिथियम आयन लागतोच, त्यात घासाघीस नाही. सोनीच्या १९९१ च्या सेलमध्ये किलोमागे सुमारे ८० वॉट-तास ऊर्जा मावायची. आज अडीचशेच्या पुढे मावते. तीस वर्षांत तिप्पट-चौपट. चिपवाल्यांनी तेवढी मजल पहिल्या चार वर्षांत मारली होती.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी नोकियाचा एन९५ आठवावा. २००७ चा. जीपीएस, वायफाय, ५ मेगापिक्सेल, थ्रीजी, काय नव्हतं त्यात? आणि बॅटरी ९५० मिलिअँपिअर-तासांची. सहा हजारांच्या पगारात आठ जणांचं कुटुंब. जीपीएस लावून दादरहून निघालं तर ठाण्याला पोचेपर्यंत चार्जरची आठवण. तेव्हा एन९५ वाले खिशात दुसरी बॅटरी घेऊन फिरायचे. पुढे एन९५ ८ जीबी आला त्यात १२०० ची बॅटरी दिली, तेव्हा कुठे निभाव लागला.

२००७ मध्ये नोकियाच्या बॅटरीचा स्फोट होतो म्हणून घबराट झाली होती ती खरी होती का?

मूळ बातमी खरी, अफवा भरपूर. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज करताना तापू शकतात. जगभरात अशा सुमारे शंभर घटना कळल्या होत्या. बॅटरीच्या मागच्या बाजूला २६ अक्षरांचा क्रमांक असायचा, तो तपासून बदलून मिळायची.

आमच्या दुकानात त्या आठवड्यात दुरुस्ती बंदच होती. मी दिवसभर भिंग घेऊन क्रमांक वाचत बसलो. एक आजी फोन स्टीलच्या डब्यात घालून, डब्याला दोरी बांधून घेऊन आल्या होत्या. त्यांची बॅटरी त्या यादीत नव्हतीच. गंमत पुढेच आहे. बीएल-५सी इतकी चालायची की तिच्या नकला उदंड झाल्या होत्या. क्रमांक वाचता वाचता कळायचं की निम्म्या लोकांकडे मुळात ओरिजिनल बॅटरीच नाही. मूळ बॅटरीत तापमान आणि जादा चार्ज यांवर पहारा ठेवणारं छोटं सर्किट असतं. साठ रुपयांच्या नकलेत ते असेलच असं नाही. लोक मात्र यादीत नाव नाही म्हणून निश्चिंत घरी जात होते.

आयफोनने बॅटरी आत बंद का केली? धंद्यासाठीच ना?

धंदा आहेच, दुरुस्तीवाला म्हणून मी ते नाकारणार नाही. पण तांत्रिक कारणही आहे. हाताने काढायच्या बॅटरीला कडक प्लास्टिकचं कवच लागतं, पत्र्याचे संपर्क, खाच, मागचं झाकण. त्यात जागा जाते, आणि त्या जागेत लिथियम बसलं असतं. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये १४०० मिलिअँपिअर-तासांची मऊ पाकिटातली चपटी बॅटरी आत पक्की बसवली होती. एवढा मोठा काचेचा पडदा पोसायचा तर प्रत्येक मिलिमीटर हवाच होता. त्यावर तेव्हा टीकाही खूप झाली.

भारतात आयफोन ३जी २२ ऑगस्ट २००८ ला आला, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना. गिऱ्हाईक विचारायचं, ‘बॅटरी कुठून काढायची?’ आणि मी सांगायचो, ‘काढायची नाही.’ चेहरे बघण्यासारखे व्हायचे. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा तो लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा, बॅटरी चिमट्यात धरणारा चार्जर आठवतो? त्याचं मरण त्या दिवशी ठरलं.

नवा फोन आधी आठ तास चार्ज करावा का? बॅटरी पूर्ण उतरवून मगच लावावी का?

नाही आणि नाही. हे दोन्ही नियम निकेल-कॅडमियमच्या काळातले. ती बॅटरी अर्धवट चार्ज करत राहिलं तर आळशी व्हायची. लिथियमला हा रोग नाही. उलट पार शून्यावर नेणं आणि रात्रभर शंभरवर ठेवणं, दोन्ही तिला मानवत नाही. वीस ते ऐंशीच्या मध्ये राहिली तर जास्त जगते. तिचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात बाइकच्या हँडलवर उन्हात फोन लावून वर चार्जिंग सुरू ठेवणाऱ्यांना मी वर्षभरात पुन्हा भेटतो.

बॅटरी फुगली आहे. वापरू का?

नको. आजच बंद करा. आतलं द्रव विघटित होऊन वायू जमलेला असतो. दाबून सपाट करायची नाही, सुईने हवा काढायची तर अजिबात नाही. मागचं पॅनेल उचललं गेलं, पडदा कडेने वर आला, फोन टेबलावर ठेवला की भिंगरीसारखा फिरतो, ही सगळी लक्षणं हीच. चार्जरवरून काढा, गादी-उशीपासून दूर ठेवा आणि जाणत्या माणसाकडे न्या. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत माल दाबला जातो आणि तिथे ती पेटते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ई-कचऱ्याच्या पेटीत टाका किंवा दुकानात द्या.

लिथियम औषधातही असतं म्हणे?

असतं. मनोविकारांवर, विशेषतः टोकाच्या चढ-उतारांवर, लिथियमचे क्षार १९४९ पासून वापरात आहेत. सेव्हन-अपमध्येही सुरुवातीची काही वर्षं लिथियम सायट्रेट होतं. बॅटरीतल्या लिथियमचा याच्याशी संबंध नाही. हे लिहावं लागतंय, कारण एकाने खरंच विचारलं होतं.

जुना ६६०० किंवा एन९५ आठवण म्हणून ठेवायचा आहे. बॅटरीचं काय करू?

फोनमधून काढून वेगळी ठेवा. पूर्ण भरलेली नको, पूर्ण रिकामीही नको, अर्धी भरून. प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी. मुंबईच्या पावसाळ्यात कोरडी जागा म्हणजे धान्याच्या डब्याशेजारचा कप्पा, न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेलं कपाट नव्हे. सहा महिन्यांनी एकदा चार्ज करा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली असेल तर आधी मल्टिमीटर लावून बघा. अडीच व्होल्टच्या खाली गेली असेल तर चार्जिंगला लावू नका, आत तांबं विरघळलेलं असू शकतं. तशा बॅटऱ्या माझ्याकडे आणून द्या. ११०० साठी बीएल-५सी लागत असेल तर तीही आहे. मेहुणा अजून दोन वर्षांनी एकदा न्यायला येतो.